खोकं निघालं, त्याच दिवशीचा सोर्स

या महिन्याच्या टपालात एकाच गाठीभोवतीचे प्रश्न बरेच आले: मुक्त लायसन्सखालचा कोड फुकट मिळाला, त्यात आपण बदल केले, आता तो गिऱ्हाइकाला द्यायचा आहे, तर आपल्यावर बंधन काय? त्यातले काही निवडून उत्तरं देत आहोत. प्रकरण कोर्टाच्या दारात पोचलं असेल तर सदरावर विसंबू नका, वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न: शेन्झेनहून वायफाय राउटर मागवून आम्ही आमच्या नावाने विकतो. आतलं फर्मवेअर (राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या प्रणालीवर बेतलेलं आहे. त्यात आम्ही मराठी आणि हिंदी सेटिंगची पानं घातली. एका गिऱ्हाइकाने ई-मेल करून सोर्स, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ कोड, मागितलाय. पुरवठादाराला विचारलं तर म्हणतो, सगळं नेटवर आहे. द्यावा लागेल का? नेमकं काय काय?
– लॅमिंग्टन रोड

उत्तर: द्यावाच लागेल. खोक्यावर नाव तुमचं, फर्मवेअर तुम्ही भरलेलं, त्यामुळे वाटप करणारे तुम्हीच. पुरवठादाराने हात वर केले ही तुमची आणि त्याची आपसातली बाब झाली.

राउटरमधला लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या आज्ञांचा संच), दोन्ही जीपीएलच्या आवृत्ती २ खाली आहेत. जीपीएल म्हणजे प्रोग्राम पुढे देताना त्याचा सोर्सही द्यायला लावणारं लायसन्स. ही आवृत्ती १९९१ सालची. बायनरी (प्रोग्रामचं मशीनवर चालणारं तयार रूप) पुढे द्यायची तर त्याच्या कलम ३ मध्ये तीन वाटा आहेत. एक, बायनरीसोबतच संपूर्ण सोर्स द्या. दोन, किमान ३ वर्षं चालेल अशी लेखी ऑफर सोबत द्या. मग मागेल त्या कोणालाही, प्रत करून पाठवायला येईल त्याहून जास्त पैसे न घेता, सोर्स द्यायचा. तीन, तुम्हाला मिळालेली ऑफर तशीच पुढे सरकवा. ही तिसरी वाट फक्त बिनव्यापारी वाटपासाठी आहे. तुम्ही राउटर विकता, म्हणून ती बंद. 'पुरवठादाराकडे मागा' हे उत्तर चालत नाही ते इथेच.

पेन ड्राइव्ह घातला तर हजार-बाराशेच्या राउटरमागे सुटणारा पैसा त्यातच जातो, म्हणून बहुतेक जण लेखी ऑफर देतात. हरकत नाही, पण तिच्यातली मेख ओळखा. मागणारा तुमचा गिऱ्हाईकच असला पाहिजे असं नाही, तेव्हा 'आधी बिल दाखवा' म्हणू नका. आणि ३ वर्षं मोजायची ती शेवटचं खोकं विकलं तिथपासून. खोक्यात अशी चिठ्ठी चालेल: 'या उपकरणातील जीपीएल आवृत्ती २ खालील सॉफ्टवेअरचा संपूर्ण सोर्स कोड, फर्मवेअर आवृत्ती अमुक, हे उपकरण विकल्यापासून किमान ३ वर्षे, मागणी करणाऱ्या कोणालाही माध्यम आणि टपालखर्च घेऊन दिला जाईल.' खाली पत्ता आणि ई-मेल. तो ई-मेल एखाद्या इंजिनिअरच्या नावाचा नको. दीड वर्षाने तो नोकरी सोडतो आणि पत्रं हवेत जातात. चिठ्ठीसोबत जीपीएलचा पूर्ण मजकूरही द्यायचा असतो. नुसती लिंक छापून भागवणारे पुष्कळ आहेत, पण आवृत्ती २ मध्ये 'लायसन्सची प्रत द्या' असं सरळ म्हटलंय.

आता सोर्स म्हणजे काय. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कर्नलच्या साइटवरची मूळ टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उतरवून पाठवली जाते. तुमच्या राउटरमधला कर्नल तो नसतो. त्याच्यावर चिप कंपनीचे शेकडो पॅच, म्हणजे कोडमधले फेरफार, चढलेले असतात. लायसन्सला हवा आहे तो त्या बायनरीचाच सोर्स, आणि सोबत कंपाइल (सोर्सची बायनरी करणं) आणि इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्ट. म्हणजे पॅच लावलेला कर्नल, त्याची डॉट-कॉन्फिग फाइल (बांधतानाच्या निवडींची), डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरच्या वर्णनाच्या) फाइली, बिझीबॉक्स आणि त्याची कॉन्फिग, यू-बूट (राउटर सुरू करणारा प्रोग्राम) असेल तर तोही, कुठल्या कंपायलरने बांधलं त्याची आवृत्ती, आणि राउटरमध्ये भरायची इमेज तयार करणारी स्क्रिप्ट.

ओपनडब्ल्यूआरटीत हे गोळा करणं फारसं अवघड नाही. 'डीएल' फोल्डरमध्ये सगळ्या टारबॉल असतात, पॅच ज्या त्या पॅकेजच्या फोल्डरात, आणि 'स्क्रिप्ट्स' मधली डिफकॉन्फिग स्क्रिप्ट चालवली की कॉन्फिगचा गोषवारा मिळतो. फीड्सच्या (बाहेरून येणाऱ्या पॅकेजांच्या) फाइलीत नुसतं ब्रँचचं नाव ठेवू नका, कमिटचा (नोंदलेल्या नेमक्या बदलाचा) क्रमांक लिहा. ब्रँच उद्या पुढे सरकते आणि तुमचा 'तोच' सोर्स तो राहत नाही. कोणी बिल्डरूट (असंच फर्मवेअर बांधायचं दुसरं साधन) वापरत असेल तर 'मेक लीगल-इन्फो' एवढी आज्ञा सोर्स, लायसन्सचे मजकूर आणि यादीची सीएसव्ही फाइल एका फोल्डरात काढून देते.

पाठवण्याआधी पडताळा घ्या. राउटरला सिरियल केबल लावून चालू करा. बूट होताना सुरुवातीच्या ओळींतच कर्नलची आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती आणि बिल्डची तारीख उमटते. ही ओळ कागदावर उतरवून घ्या. मग ज्याने हे फर्मवेअर कधी बांधलेलं नाही अशा माणसाला कोरा लॅपटॉप आणि तुमचं सोर्सचं गाठोडं द्या. त्याला फोन न करता इमेज बांधता आली आणि कर्नल-कंपायलरच्या आवृत्त्या जुळल्या, की गाठोडं पुरं. बहुतेकदा अडतं ते एखाद्या हरवलेल्या कॉन्फिगवर किंवा कोणाच्या तरी होम फोल्डरमधल्या टूलचेनवर (कंपायलर आणि त्याची हत्यारं). सहा महिन्यांनी हे शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. म्हणून बिल्ड ज्या दिवशी पक्कं होतं, त्याच दिवशी गाठोडं बांधा, फर्मवेअरच्या आवृत्तीचं नाव द्या आणि बाजूला ठेवा.

तुमच्या मराठी पानांबद्दल: ओपनडब्ल्यूआरटीचा वेब इंटरफेस ल्युसी हा अपाचे २.० या लायसन्सखाली आहे. त्याचा सोर्स द्यायची सक्ती नाही, पण लायसन्सची प्रत द्या आणि मूळ सोर्स पुढे दिलात तर त्यातल्या कॉपीराइटच्या ओळी पुसू नका. बदललेल्या फाइलीत बदल केल्याचं लिहायचं आहे. जीपीएल आवृत्ती २ तर तारीखही मागते. फाइलीच्या डोक्यावर एक ओळ पुरते: 'बदल: अमुक तारीख, अमुक कंपनी, मराठी मेनू जोडला.'

वायफायचा ड्रायव्हर चिप कंपनीकडून बंद मॉड्यूल म्हणून, सोर्सशिवाय, आला असेल तर त्याला जीपीएल लागू होतं का हा वाद जुना आहे आणि आयातदाराने सोडवण्यातला नाही. मात्र पुढच्या ऑर्डरला असा चिपसेट निवडा ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपांना एमटी७६ हा असा ड्रायव्हर चालतो. खरेदीच्या कागदावरही एक वाक्य वाढवा: उरलेली रक्कम, दिलेल्या सोर्समधून आमच्याकडे इमेज बांधून झाल्यावर. आगाऊ रक्कम सोडून बाकी पैसे हातात असेपर्यंतच पुरवठादार फोन उचलतो.

ओपनडब्ल्यूआरटी जन्मालाच आलं ते लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स २००३ साली खुला करावा लागला त्यातून. तेव्हा राउटरचा सोर्स मागणारं गिऱ्हाईक काही नवं नाही.

प्रश्न: आमच्या कंपनीत एक जीपीएल प्रोग्राम बदलून चारशे लोक वापरतात. सोर्स जाहीर करायचा का?
– वांद्रे-कुर्ला संकुल

उत्तर: नाही. आपल्याच कर्मचाऱ्यांना वापरायला देणं म्हणजे वाटप नव्हे. उपकंपनीला किंवा भागीदार फर्मला प्रत दिलीत तर विचार करावा लागेल, कारण कायद्याच्या लेखी ती वेगळी व्यक्ती आहे.

प्रश्न: ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा हिशेब-साठा सांभाळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून आम्ही भिवंडीचे गोदामवाले आणि वसईचे कारखानदार यांना देतो. काहींचं आमच्या सर्व्हरवर चालतं, काहींचं त्यांच्या ऑफिसातल्या मशीनवर. एका पार्टीने करारात कलम घातलंय: 'सोर्स आमच्या मालकीचा, तुम्ही तो इतरांना देणार नाही.' सही करावी का? आणि उद्या त्यांनीच तो आमच्या स्पर्धकाला दिला तर?
– मुलुंड पश्चिम

उत्तर: ईआरपीनेक्स्ट मुंबईतल्याच फ्रापे या कंपनीचं. तिथे दोन थर आहेत आणि त्यांची लायसन्सं वेगळी आहेत. खालचं फ्रापे फ्रेमवर्क एमआयटी या सैल लायसन्सखाली, वरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल आवृत्ती ३ खाली. तुमचं अ‍ॅप फक्त फ्रेमवर्कवर उभं असेल तर ते कुठल्या लायसन्सखाली द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण ते ईआरपीनेक्स्टचे वर्ग वाढवत असेल, त्यातली फंक्शनं इम्पोर्ट करून वापरत असेल, तर ते जीपीएल ३ खाली आहे असं धरूनच चाला. 'वेगळ्या फोल्डरात ठेवलंय' एवढ्याने ते वेगळं होत नाही.

तुमच्या सर्व्हरवर चालतं त्या गिऱ्हाइकांना प्रोग्रामची प्रत मिळत नाही, फक्त वापर मिळतो. जीपीएल ३ त्याला वाटप मानत नाही, म्हणून तिथे सोर्स द्यायचं बंधन नाही. ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट मात्र प्रत म्हणून गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाते. ती वाचता येणार नाही अशी करून ठेवू नका. एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाचं गणित निराळं. त्याच्या कलम १३ नुसार बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्या प्रत्येकाला सोर्स मिळवायची सोय ठळकपणे आणि फुकट द्यावी लागते. फ्रापेची काही नवी अ‍ॅप्स एजीपीएलखाली आहेत, तेव्हा बेंचवर (फ्रापेची अ‍ॅप्स बसवायच्या जागेत) जेवढी अ‍ॅप्स आहेत तेवढ्या लायसन्सच्या फाइली स्वतंत्र उघडून बघा.

गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसवलंत की वाटप झालं. क्लाउडचं खातं त्यांच्या नावाचं असेल तरी तसंच समजा. पायथनमध्ये सोर्स तसाही जातो, पण काही जण कंपाइल केलेल्या फाइली ठेवून मूळ फाइली उडवतात. ते चालणार नाही. लायसन्सला बदल करायला सोयीचं असेल त्या रूपातला कोड हवा आहे. बसवतानाच रेपॉझिटरीची प्रत, लायसन्सची फाइल आणि काय बदललं त्याची तारखेसह नोंद हवाली करा, आणि पोचपावतीवर सही घ्या. सोर्स सोबत दिलात की बंधन त्या गिऱ्हाइकापुरतं मिटतं. जगाला जाहीर करा असं जीपीएल कुठेच म्हणत नाही, हा गैरसमज मात्र फार पसरलाय.

आता कलम. त्याचे दोन तुकडे करा. 'तुम्ही इतरांना देणार नाही' हे तुम्ही स्वतः लिहिलेल्या कोडपुरतं कबूल करता येतं, कारण आपला बदल कोणाला द्यायचा नाही हे ठरवायची मुभा तुम्हाला आहे. पण तेच मॉड्यूल चार पार्ट्यांना विकायचा बेत असेल तर सही म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. 'सोर्स आमच्या मालकीचा' हे तसंच्या तसं लिहून देऊ नका. ईआरपीनेक्स्टच्या ओळी तुमच्या नाहीत, तुम्ही त्या कोणाच्या नावे कशा करणार? 'आम्ही या कामासाठी नव्याने लिहिलेला कोड' असा शब्द घाला. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती. नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक मालक-कंपनी, पण बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्याचा पहिला मालक कंत्राटदार, लेखी कराराने वेगळं ठरलं नसेल तर. आणि हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कलम १९ ती ५ वर्षं धरतं, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. गिऱ्हाइकाचा वकील हुशार असेल तर हे तो लिहून घेईलच.

स्पर्धकाबद्दल: देऊ शकतात. जीपीएल ३ खाली मिळालेली प्रत पुढे देण्याचा हक्क त्यांचा आहे आणि तुमच्या करारात त्याला आडकाठी घातलीत तर लायसन्स तुम्ही मोडता. हे आधीच धरून भाव लावा: पैसे बसवण्याचे, शिकवण्याचे, दुरुस्तीचे आणि जीएसटीचे नियम बदलले की दुसऱ्या दिवशी अपडेट देण्याचे.

प्रश्न: आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये व्हिडिओ कापण्यासाठी एफएफएमपेग ही लायब्ररी आहे. लायसन्स एलजीपीएल (जीपीएलचं सैल रूप) आहे म्हणून निश्चिंत होतो, आता एक जण म्हणतो पूर्ण अ‍ॅपच जीपीएल झालंय. खरं काय?
– अंधेरी पूर्व

उत्तर: दोघंही बरोबर असू शकतात. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल २.१ खाली आहे, पण बांधताना कोणते पर्याय दिले त्यावर लायसन्स बदलतं. तयार बायनरी कुठून तरी उचलली असेल तर आधी तिला आवृत्ती विचारा. 'कॉन्फिगरेशन' शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ येते. तीत 'एनेबल-जीपीएल' दिसलं तर ती लायब्ररी जीपीएल आहे, आणि तिला जोडलेलं अ‍ॅप वाटताना तेही. बहुधा एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर हवा म्हणून कोणीतरी तो पर्याय दिलेला असतो. 'एनेबल-नॉनफ्री' दिसलं तर ती बायनरी कोणालाच देता येत नाही, सोर्स दिला तरी.

उपाय: दोन्ही पर्याय काढून स्वतः बांधा. एच.२६४ एन्कोडिंग हवं असेल तर फोनच्या हार्डवेअर एन्कोडरकडून करून घ्या. लायब्ररी डॉट-एसओ फाइल म्हणून वेगळी ठेवा, अ‍ॅपच्या कोडमध्ये स्टॅटिक मिसळू नका, फाइलीचं नाव बदलून लपवू नका. तुम्ही वापरलेला नेमका सोर्स, तुमच्या बदलांची डिफ फाइल आणि कॉन्फिगरची ती ओळ तुमच्याच साइटवर ठेवा, आणि अ‍ॅपच्या 'विषयी' पानावर एफएफएमपेगचा आणि एलजीपीएलचा उल्लेख करून तिथली लिंक द्या. वापराच्या अटींत 'रिव्हर्स इंजिनिअरिंग सक्त मना' असं असतं, ते इथे सैल करावं लागतं. बदललेल्या लायब्ररीसह अ‍ॅप चालवून त्यातले दोष शोधण्यापुरती मुभा एलजीपीएल मागतं. व्हिडिओच्या पेटंटचा प्रश्न पुन्हा वेगळा, त्याचा लायसन्सशी संबंध नाही.

प्रश्न: परदेशातल्या एका डेव्हलपरचा ई-मेल आलाय की तुम्ही जीपीएल मोडलंत. दुर्लक्ष करावं का?
– पवई

उत्तर: करू नका. परदेशी माणसाचा कॉपीराइट इथेही चालतो. आपल्या कायद्यात मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई तर आहेच, जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडही आहे. एवढ्या थराला क्वचितच जातं. बहुतेक डेव्हलपरांना सोर्स हवा असतो, पैसे नकोत.

आधी कुठल्या लायसन्सची कोणती आवृत्ती ते बघा. आवृत्ती २ मध्ये भंग होताच तुमचे हक्क आपोआप संपतात आणि परत मिळायची तरतूद नाही. आवृत्ती ३ मध्ये, पहिलीच चूक असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारलीत, तर हक्क कायमचे परत मिळतात. कर्नलच्या बऱ्याच डेव्हलपरांनी २०१७ साली निवेदन काढून हीच सवलत आवृत्ती २ खालच्या कर्नललाही देऊ केली, पण ती सही करणाऱ्यांपुरती.

पहिल्याच दिवशी पोच द्या: 'पत्र मिळालं, तपासतो आहोत, अमुक तारखेपर्यंत कळवू.' कबुलीही नको, कानावर हातही नकोत. ती आवृत्ती पाठवणं थांबवा, डाउनलोडच्या पानावरूनही काढा. ज्या बिल्डबद्दल तक्रार आहे त्याचा टॅग शोधा, गाठोडं बांधा आणि लिंक पाठवा. कोणत्या दिवशी भंग थांबला त्याची नोंद ठेवा. लॅमिंग्टन रोडच्या वाचकांनीही हे वाचावं, कारण ऑफरची चिठ्ठी न घालता गेलेल्या खोक्यांपुरते तुम्ही याच रांगेत आहात.

प्रश्न: वेब अ‍ॅपमध्ये सगळ्या लायब्ऱ्या एमआयटीच्या आहेत. काही करायचं उरतं का?
– दादर

उत्तर: एकच, पण तेच राहून जातं. एमआयटी सांगतं की कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत हवा. मिनिफायर (कोड आकसवणारं साधन) कॉमेंट्स उडवताना त्याही उडवतो. वेबपॅक हे बांधणीचं साधन उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या कॉमेंट्स बाजूच्या लायसन्सच्या टेक्स्ट फाइलीत काढून ठेवतं. डिप्लॉय करणारी स्क्रिप्ट फक्त जेएस आणि सीएसएस उचलते आणि ती फाइल सर्व्हरवर पोचतच नाही. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवा. ज्या पॅकेजांच्या कोडमध्ये तशी कॉमेंटच नाही, त्यांचा मजकूर त्यांच्या लायसन्स फाइलीतून उचलावा लागेल. आणि नोड मॉड्यूल्समध्ये लायसन्सच नसलेलं एखादं पॅकेज सापडलं तर ते काढून टाका. लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान नव्हे. सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

प्रश्न: आमचा छोटा छापखाना आहे. ओएफएल या फॉन्टांच्या खुल्या लायसन्सखालच्या एका देवनागरी फॉन्टमधला हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' बदलून आम्ही मराठी वळणाचा केला. त्यात पुस्तकं छापता येतील का? आणि हा फॉन्ट विकता येईल का?
– गिरगाव

उत्तर: पुस्तकं खुशाल छापा, पीडीएफमध्ये फॉन्ट घाला. त्या फॉन्टात जुळवलेल्या मजकुराला लायसन्स लागत नाही.

फॉन्ट नुसता विकता येणार नाही; एखाद्या सॉफ्टवेअरसोबत दिला तर चालतो. दुसऱ्याला द्याल तेव्हा तो ओएफएलखालीच द्यायचा, दुसरं लायसन्स लावता येत नाही. मग नावाचं. लायसन्सच्या फाइलीत वरच कॉपीराइटच्या ओळीशेजारी 'रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम' असं लिहून एखादं नाव राखून ठेवलंय का बघा. असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही, मागे 'मराठी' जोडूनही नाही. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बदलायच्या प्रोग्राममध्ये फॉन्ट इन्फोच्या खिडकीत फॅमिली नाव, पूर्ण नाव आणि पोस्टस्क्रिप्ट नाव अशा तिन्ही जागी नवं नाव घाला, आणि टीटीएफ नेम्सच्या पानावर जुनं कुठे उरलंय का तेही बघा. एक जागा राहिली की मशीनवर दोन्ही फॉन्ट एकमेकांच्या नावावर धडकतात आणि छपाईच्या आदल्या रात्री पुन्हा हिंदी 'ल' उगवतो.

इतका खटाटोप करण्याआधी फॉन्टमध्ये मराठीची अक्षरवळणं आधीच आहेत का तेही तपासायला हवं होतं. अनेक देवनागरी फॉन्टांत ती दडलेली असतात. मजकुराची भाषा हिंदी किंवा इंग्रजीवर राहिली की दिसत नाहीत. मजकूर निवडून भाषा मराठी करा आणि 'ल'कडे बघा.